खुर्चीच्या गादीखालचे पत्र

मी एक जुनी खुर्ची आहे. मला सायकलची दोन चाके आहेत, आणि माझ्या गादीखाली एक पत्र दोन वर्षे उत्तरावाचून पडून होते. मित्रांनो, माझी गोष्ट त्या पत्राचीच आहे. ती मी सांगावी की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. खुर्चीने बसायला जागा द्यावी, बोलू नये, असाच माझा समज होता.

कोल्हापुरातल्या गुंडू सुताराने मला शिसवी लाकडातून घडवले. बैठकीला वेत विणला आणि शाहूपुरीतल्या एका लहानशा वाचनालयात खिडकीजवळ आणून ठेवले. स्वातंत्र्य मिळाल्याची बातमी माझ्यावर बसून कोणीतरी मोठ्याने वाचली. पुढे संस्थान विलीन झाल्याची बातमीही तशीच वाचली गेली. लोक उठून गेले की मी त्यांनी वाचलेल्या गोष्टींचा विचार करत राही.

वाचनालयाचा शिपाई सयाजी. सायकलला कापडी पिशवी अडकवून तो सभासदांच्या घरी पुस्तके पोहोचवी. परत आला की घटकाभर माझ्यावर टेके आणि आणलेल्या पुस्तकाची दोन पाने वाची. सगळ्या वाचकांत मला तोच आवडे, कारण तो पाठ ताठ ठेवून बसे.

१९५१ च्या जानेवारीत एका सकाळी तो पुस्तके घेऊन निघाला. गुळाच्या एका पेढीच्या फाटकातून एक मोटार उलटी, वेगाने, भोंगा न वाजवता रस्त्यावर आली. सायकलला धक्का बसला आणि सयाजी समोरच्या दगडी पायरीवर पाठीवर पडला. पुस्तके रस्त्यात विखुरली. ती सगळी परत मिळाली. सयाजीचे पाय मात्र परत मिळाले नाहीत. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. कमरेखाली त्याला काही हलवता येईना आणि काही जाणवेना.

दवाखान्यातून तो घरी आला, तेव्हा वाचनालयाने मला त्याला देऊन टाकले. वेत फाटला होता. गुंडूने तेथे फळी ठोकली आणि वर काथ्याची गादी घातली. एक चाक सयाजीच्याच मोडक्या सायकलचे लावले, दुसरे जुन्या बाजारातून आणले, आणि पुढे एक लाकडी चाक बसवले. दोन चाके सारखी नसल्यामुळे मी चालताना डावीकडे ओढते. मला त्याची फार लाज वाटे. सयाजीची बायको तानाबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "वडू दे की डावीकडं. आपला नळ डावीकडंच हाय."

त्याच आठवड्यात ते पत्र आले. मोटारीच्या मालकाने लिहिले होते की, चूक सायकलवाल्याची होती, तरीही दयेपोटी तीनशे रुपये मदत देण्यास आपण तयार आहोत. पुढे कोणतीही मागणी करणार नाही असे लिहून पाठवावे.

सयाजीने ते मोठ्याने वाचले. तानाबाई म्हणाली, "तीनशाला धड बैल येत न्हाय. माणसाचा कणा कुठनं यायचा? लिवा की, न्हाय म्हणून!"

"आणि चूक माझीच असंल तर? घंटी वाजवली का न्हाय, मलाच आठवंना झालंय."

"मग व्हय म्हणून लिवा!"

त्याने दोन्हींपैकी काहीच लिहिले नाही. पत्राची घडी केली आणि माझ्या गादीखाली सरकवली. तानाबाई वाचनालयात झाडलोट करून घर चालवू लागली आणि तो दिवसभर त्या पत्रावर बसून राहू लागला.

वाचनालयाचे एक सभासद यज्ञेश्वरराव वकील होते. ते अबोल आणि पुस्तकात बुडालेले. कोर्टात उभे राहून त्यांना बरीच वर्षे झाली होती. तानाबाईने एकदा पुस्तके लावता लावता त्यांना सगळे सांगितले. दुसऱ्याच दिवशी ते सयाजीच्या दारात आले. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

"सयाजी, यात 'मदत' असा शब्द आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तुला मिळायला हवी ती नुकसानभरपाई. ती कोणाच्या मर्जीवर नसते. पण एका वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. जानेवारी उलटला की दार बंद."

"वकीलसाहेब, चूक माझी निघाली तर?"

"ते तू ठरवायचे नाही आणि मीही नाही. कोर्ट त्यासाठीच असते."

डिसेंबरात दावा दाखल झाला. पत्र पुन्हा माझ्या गादीखाली गेले. त्याचे उत्तर मात्र राहिलेच.

मित्रांनो, आता माझा अपराध सांगते. दावा लागण्याआधी, त्या उन्हाळ्यात, माझ्या फळीतला एक खिळा हळूहळू वर आला आणि गादीतून डोके काढून बसला. दुसरा कोणी असता तर टुणकन उडाला असता. सयाजी अकरा दिवस त्या खिळ्यावर बसला आणि त्याला काहीच कळले नाही. ताप चढला तेव्हा तानाबाईने जखम पाहिली; गादी शेवटची झटकून तिला अकरा दिवस झाले होते. ती भरायला तीन महिने लागले. गुंडू सुतार आला आणि डोळे पुसत त्याने खिळा उपटला. तानाबाईने तो फेकू दिला नाही. चिंधीत बांधून फडताळात ठेवला.

खटला उभा राहिला तेव्हा १९५३ साल उजाडले होते. चौघांनी मला सयाजीसकट उचलून कोर्टाच्या पायऱ्या चढवल्या. गुळाच्या गाड्या हाकणाऱ्या दोघांनी साक्ष दिली की, मोटार उलटी आली आणि भोंगा वाजला नाही. सयाजीची घंटी मात्र दोघांनीही ऐकली होती. सयाजीने तेव्हा डोळे मिटून घेतले.

मग मालकाचा वकील उठला आणि त्याने बोट माझ्याकडे दाखवले. "वादी या खुर्चीत दिवसभर आरामात बसतो. बसून पुस्तकांवर शिक्के मारता येतात. मग एवढी भरपाई कशाची?"

मला जमिनीत शिरावेसे वाटले. मी त्याला नीट सावरून धरले, हेच त्याच्या विरुद्ध गेले होते.

तानाबाई साक्षीला उभी राहिली. त्या वकिलाने तिला विचारले, "बाई, नवरा खुर्चीत बसतो ना?"

"बसतोय की."

"तक्रार करत नाही?"

"न्हाय."

"म्हणजे आरामात आहे."

"व्हय, पोतं असतंय तसा! पोतं कधी वरडतंय व्हय, टोचलं म्हणून?" तिने पदराची गाठ सोडली आणि चिंधीतला खिळा समोर ठेवला. "ह्यो ह्या खुर्चीतला. अकरा दिस त्येंच्या अंगात रुतला हुता. ह्येंनी हूं का चूं केलं न्हाय. पावणं, तुमी अकरा घटका तरी बसून दावा!"

लोक हसले. न्यायाधीशांनी सर्वांना गप्प केले आणि खिळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. यज्ञेश्वरराव उठले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की, मोठ्याने बोला, असे त्यांना सांगावे लागले. "ज्या माणसाला दुखणेही समजत नाही," ते या वेळी स्पष्ट म्हणाले, "त्याच्यासाठी जन्मभर दुसऱ्या कोणाला तरी जागे राहावे लागते. दाव्यात आम्ही तेही मागितले आहे." मग डॉक्टरांनी जखमेचा सगळा अर्थ समजावून सांगितला.

निकाल सयाजीच्या बाजूने लागला. रक्कम पाच हजारांच्या आत होती, आणि तीत तानाबाईच्या सेवेचाही विचार केला होता. मालकाने पुढे अपील केले नाही. त्या पैशांतून वाचनालयाच्या शेजारी एक खोली घेतली, तिला उंबरा ठेवला नाही. सयाजी पुस्तके बांधण्याचे काम शिकला आणि मी त्याला त्याच्या कामावर पोहोचवू लागले.

आता मी म्हातारी झाले आहे. माझी चाके गंजली आहेत आणि कोपऱ्यात माझ्यावर जुनी मासिके रचलेली असतात. माझी तक्रार नाही. एकच मागणे आहे. घरात कोणी माझ्यासारखीवर बसत असेल, तर रोज एकदा तिच्या बैठकीवरून हात फिरवा. बसणाऱ्याला खिळा कळेलच असे नाही. तो तुमच्या हाताला कळू द्या.

आणि ते पत्र? निकालाची नक्कल हाती आली, त्याच सकाळी सयाजीने मला खाली वाकून चाचपले आणि ते बाहेर काढले. मग एक कार्ड घेतले आणि मांडीवर पाटी ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिले:

"आपले दोन वर्षांपूर्वीचे पत्र पावले. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी. आपण 'मदत' असे लिहिले होते. कोर्टाने 'नुकसानभरपाई' असे लिहिले आहे. माझी घंटी वाजली होती. कळावे."

तानाबाई म्हणाली, "द्या, मी टाकून येते."

"नको. मी टाकणार."

ती मला ढकलत चौकापर्यंत घेऊन गेली. मी नेहमीप्रमाणे डावीकडे ओढत होते, आणि टपालपेटी डावीकडेच होती. सयाजीने एका हाताने माझा हात घट्ट धरला, दुसरा वर केला आणि पाठ जितकी ताठ करता आली तितकी केली. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला.