व्हाइसमध्ये राहिलेला पत्रा

सूनबाईला तो पत्रा दिसला तेव्हा गाडी जाऊन दहा मिनिटं झाली होती.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये सगळे तिला त्याच नावाने हाक मारत, गिऱ्हाइकंसुद्धा. नवऱ्याला ग्रीसच्या वासाने शिंका येत, म्हणून तो बँकेत चिकटला आणि बापाचं कसब उचललं ते सुनेने. सायलेन्सरच्या कामात तर आता तिचाच हात सरस होता, आणि हे सासरेच चारचौघांत सांगत.

आज दातांच्या डॉक्टरांची लाल स्पोर्ट्स कार आली होती. जुने दोन सायलेन्सर काढून स्टीलचे नवे, घुमणाऱ्या आवाजाचे बसवायचे होते. "दिवसभर लोकांना आ करायला लावतो, तेवढ्याने भागत नाही वाटतं," असं सासरे म्हणाले होते आणि दोघं लिफ्टवर उचललेल्या गाडीखाली उभ्या उभ्या हसली होती.

आता मात्र ती व्हाइससमोर, कामाच्या टेबलावरच्या लोखंडी पकडीसमोर, उभी होती.

व्हाइसच्या जबड्यात परातीएवढा पातळ पत्रा होता. टाकीला धग लागू नये म्हणून तापलेला सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये बसतो तो. नवे सायलेन्सर जाड होते, पत्र्याची कड त्यांना घासत होती, म्हणून कड वाकवायला तिने तो इथे धरला आणि जाड वॉशर शोधायला आतल्या खोलीत गेली. तेवढ्यात डॉक्टर आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले, वेळेआधीच. घाई घाई करू लागले. सासऱ्यांनी खालून पाहिलं, दोन्ही सायलेन्सर जागेवर, नट आवळलेले. त्यांनी गाडी लिफ्टवरून खाली घेतली. ती बाहेर आली तेव्हा इंजिन सुरू झालं होतं, आवाज छातीत घुमत होता, मुलगी टाळ्या पिटत होती. त्या आवाजाची तिलाही भुरळ पडली. हातात वॉशर तसेच धरून तिने गाडीला हात हलवून निरोप दिला होता.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, इकडे या."

सासरे आले. पत्र्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आधी म्हणाले, "एवढं काही होत नाही गं. गावातल्या गावात फिरेल." मग स्वतःच थांबले. "कुठे जातो म्हणाला?"

"डोंगरावर. तळ्यापर्यंत. लेकीला आवाज ऐकवायला."

तळ्याचा रस्ता म्हणजे पाऊण तास नुसता चढ. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहणार, सायलेन्सर तापत जाणार.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सात वेळा लावला. नव्या सायलेन्सरच्या त्या आवाजात फोनची घंटा कुणाला ऐकू येणार? पोलिसांना कळवलं, तर पलीकडचा माणूस गाडीचा नंबर विचारू लागला आणि तो लिहिलेला कागद काही केल्या सापडेना.

"फोन ठेव," सासरे म्हणाले. भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं त्यांनी खुंटीवरून ओढून काढलं. "मोटरसायकल काढ. तू चालव, मी हे धरून बसतो."

तिने किल्ली उचलली.

चढ लागला. प्रत्येक वळणापलीकडे धूर दिसेल, माणसं जमलेली दिसतील, असं वाटे. वळण सरे, रस्ता मोकळा असे, आणि पुढचं वळण समोर येई. मागून सासरे कानाशी ओरडले, "धावतेय तोवर भीती नाही! वारा लागतो खालून!"

त्यांना धीर द्यायचा होता. पण तिला त्याची दुसरी बाजू कळली. गाडी थांबली की वारा थांबणार. म्हणजे ते तळ्याशी पोहोचून निवांत उभे राहतील, तेव्हाच भडका उडणार. तिने जन्मात पहिल्यांदा एखादी गाडी न थांबो अशी प्रार्थना केली.

तळ्याच्या अलीकडे एक सपाट माळ होता. लाल रंग तिला लांबूनच दिसला. डॉक्टरांनी गाडी रस्ता सोडून वाळलेल्या गवतात उभी केली होती, आणि दहा-बारा पावलं लांब जाऊन ते गाडीचा फोटो काढत होते. मुलगी आतच होती. फोटोत यावी म्हणून काचेतून हसत होती.

गाडीच्या मागच्या चाकांमधून धुराची एक बारीक रेघ वर येत होती. डॉक्टर पुढच्या बाजूला उभे होते. त्यांना ती दिसत नव्हती.

"पोरीला काढा!" सूनबाई किंचाळली. मोटरसायकल तिने उभीसुद्धा केली नाही, तशीच सोडून दिली. सासरे कसे उतरले, पडले की काय, हेही तिने पाहिलं नाही. डॉक्टर नुसते बघत राहिले. तिने दार उघडलं. जळक्या प्लास्टिकचा उग्र वास आला. पट्ट्याचं बटण सापडेना. मुलीच्या फुगीर फ्रॉकखाली ते दडलं होतं. "काय झालं, काकू?" मुलगी विचारत होती, आणि खाली काहीतरी तडतडत होतं. बटण सापडलं, निसटलं, पुन्हा सापडलं. तिने मुलीला काखोटीला मारलं आणि पळत सुटली.

मागे वळून पाहिलं तेव्हा गवत पेटलं होतं. टाकीखालचं वितळलेलं प्लास्टिक थेंबाथेंबाने त्यात गळत होतं. गुडघ्यातून रक्त येणारे सासरे पोटावर पालथे पडून नळकांड्याची पांढरी भुकटी गाडीखाली मारत होते.

"बाबा, मागे या! टाकी आहे वर!"

"दिसतेय मला!" ते ओरडले आणि मारतच राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. आग विझली. टाकी काही फुटली नाही. सासरे चार पावलं मागे सरकले आणि मटकन खाली बसले.

डॉक्टरांनी मुलीला तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. सूनबाईने सगळं सांगितलं, काही न लपवता. पत्रा मी काढला होता, परत बसवायचं माझं काम होतं. "गाडी खाली मी घेतली," सासरे मधेच बोलले. डॉक्टर ऐकून घेत होते की नाही कळत नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "ती आत होती. कळतंय का तुम्हाला, ती आत होती."

"हो," सूनबाई म्हणाली.

गाडी उचलून नेणारा ट्रक आला. डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला, या दोघांकडे न बघता. सूनबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वतःच्या पोरीच्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर तिने गॅरेजच डोक्यावर घेतलं असतं.

त्यानंतर तीन दिवस ती घरीच राहिली. गॅसची शेगडी पेटवतानासुद्धा तिला धस्स व्हायचं. नवरा म्हणाला, बँकेत एक जागा आहे, विचारून बघू का?

चौथ्या दिवशी सकाळी सासरे गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत तिच्या दाराशी आले.

"मला अजून भीती वाटते, बाबा," ती म्हणाली.

"मला चाळीस वर्षं वाटतेय," ते म्हणाले. "त्या दिवशी घाईत घाबरायला विसरलो, एवढंच. चल, माझा गुडघा वाकत नाही आणि एक टेम्पो लिफ्टवर चढवलाय."

ती गेली. टेम्पोखाली उभी राहिली, हातातली बॅटरी पेटवली आणि पहिल्या नटापासून एकेकाला बोट लावून मोजायला लागली. सासरे बाजूला स्टूल टाकून बसले होते, आणि गिऱ्हाईक दोनदा घड्याळ बघून गेलं तरी त्यांनी तिला घाई केली नाही.