प्रदर्शनातला माग

सून सासऱ्याचा हात धरून गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि पडद्याजवळ जमिनीवर बसली. म्हाताऱ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता, तरी तो हट्टाने आला होता. त्याचा मुलगा आपल्या हातमागासकट समुद्रापलीकडे गेला होता, बादशहाच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांसमोर बसून विणायला. वर्ष उलटलं, निरोप नाही. आज प्रदर्शनाहून आलेला साहेब तिथली चित्रं दिव्याच्या यंत्रातून दाखवणार म्हटल्यावर अख्खी विणकरआळी कामं टाकून शाळेत लोटली होती.

आधी कारंजं आलं, मग काचेचा महाल. लोकांनी तोंडात बोटं घातली. मग माग आला.

“आपलाच!” कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागावरच्या माणसाला जरीचा फेटा बांधला होता आणि छातीपर्यंत दाढी चिकटवली होती.

“अगंबाई, काय हे सोंग!” शेजारीण म्हणाली. “घरी आला की ओळखशील ना गं?”

सुनेलाही हसू आलं. बिचाऱ्याला दाढीचे खुंटसुद्धा सोसायचे नाहीत.

“बारीक झालाय का?” सासऱ्याने विचारलं.

“फेट्यादाढीत काही कळत नाही, मामंजी.”

“बरं, काठ कसा आलाय ते सांग.”

म्हाताऱ्याने उभ्या जन्मात मुलाचं कौतुक केलं ते एवढ्याच बाबतीत. विणलेलं कापड लोकांना दिसावं म्हणून मागापुढे सोडलं होतं. ती सुरुवातीपासून बघत गेली.

“सरळ आहे. सुरीने कापल्यासारखा.”

“असणारच. पुढे?”

“अर्ध्यापर्यंत तसाच. मग...” ती गुडघ्यांवर उठून पडद्याकडे सरकली. “मग आत ओढलाय. मग बाहेर. शेवटपर्यंत वाकडाच.”

“पुढचा हात त्याचा नाही,” म्हातारा हळूच म्हणाला. अंगात ताप असला तरी मुलगा आपल्या मागाला दुसऱ्याचं बोट लागू देत नसे. हातपाय हलत असेपर्यंत त्याने कुणाला तिथे बसू दिलं नसतं.

तिने पदर तोंडात कोंबला.

“आनंदाचं रडू आहे, रडू दे तिला,” शेजारीण मागच्यांना म्हणाली.

साहेब खूश होता. चित्र अजून थोडा वेळ ठेवा म्हणाला. तेवढ्यात म्हातारा भिंतीला धरून उभा राहिला आणि उजेडाकडे तोंड करून बोलला.

“साहेब, काठ वाकडा होतो तिथून कापड कापा. आधीचं आमचं आहे. तेवढं घरी पाठवा.”

टाळ्या वाजवणाऱ्या विणकरांनी तेव्हा कुठे काठाकडे पाहिलं.