झाकलेला सीपीयू

चाकूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात केवळाबाई वारली, त्या दुपारी कंप्युटर चालू होता. तिचं गाणं त्यात रेकॉर्ड होत होतं. गाणं संपल्यावर ते बंद कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून पुढचंही सगळं आत उतरलं होतं. तिच्या नवऱ्याला, साहेबराव गुरुजींना, हे पक्कं ठाऊक होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता. आपण घरात नव्हतो. तिनं आपल्याला हाक मारली असेल का?

साल दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि चाकूरला टँकरची वाट बघावी लागत होती. कूलर कोरडाठाक पडला होता, कारण पिण्याचीच मारामार असताना कूलरात पाणी ओतणार कोण? गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून एकाच कामाला लागले होते. केवळाबाईला तिच्या आईकडून आलेली, जात्यावरची बाबासाहेबांची गाणी कंप्युटरमध्ये साठवायची. एकदा हात घातला की गुरुजींचं सगळं शिस्तीत. रेकॉर्डिंग करताना छताचा पंखा खडखडतो म्हणून तो बंद. रस्त्याचा आवाज आणि धूळ नको म्हणून दारं-खिडक्या बंद. सीपीयू तापतो म्हणून त्याचं एका बाजूचं पाखं, म्हणजे पत्र्याचं झाकण, कायमचं काढून ठेवलेलं, आणि उघड्या बाजूवर टेबलफॅनचा झोत. माणसाला घाम आला तर पुसता येतो, कंप्युटरला येत नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे.

त्या दुपारी टँकर आल्याची हाळी उठली तशी गुरुजी घागरी घेऊन गेले. केवळाबाई गातच होती. टँकरपाशी गर्दी होती आणि गर्दीत वाद पेटला होता. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणतात, झाला तर चाकूर तिकडं जाणार की लातुरातच राहणार? गुरुजी असल्या वादात मागं राहणारे नव्हते. घागरी भरल्यावरही ते तिथंच उभं राहून लोकांना जिल्ह्याचा इतिहास सांगत राहिले. घरी आले तेव्हा केवळाबाई खुर्चीतच कलंडली होती. ऊन बाधलं, डॉक्टर म्हणाले. मग माणसं जमली, सामान हललं. कुणी रेकॉर्डिंग थांबवून साठवलं, कुणी पाखं बसवून सीपीयू टेबलाच्या खालच्या खणात ढकलला, भिंतीला टेकवून. त्यावर केवळाबाईनंच विणलेलं लोकरीचं पांघरूण पडलं.

बौद्ध रिवाजाप्रमाणं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मुलगा नोकरीवर परत गेला, आणि घरात गुरुजी आणि ते रेकॉर्डिंग दोघंच उरले.

ते रोज दुपारी ऐकायला बसत. केवळाबाईचा आवाज सुरू होई, गाणं चढत जाई, खणातून सीपीयूची धाप वाढत जाई. गाणं संपे. "झालं बघा," असं ती म्हणे. आणि फट् करून पडदा काळा. रोज तिथंच. पुढं एक शब्द नाही.

भुताखेताला न मानणाऱ्या माणसाचे हाल मानणाऱ्यापेक्षा वाईट. त्याला अंगारा लावता येत नाही आणि घाबरल्याचं बोलूनही दाखवता येत नाही. बंद पडलेला कंप्युटर थोड्या वेळानं निवला की कधीकधी आपोआप चालू होई. स्वयंपाकघरात भाकरी थापत असलेल्या गुरुजींना खोलीतून धापेचा आवाज येई, कुणीतरी लांबून चालत आल्यासारखा. त्यांचे हात पिठातच थांबत. शेजारच्या नागुबाईनं एकदा तो आवाज ऐकला आणि ती दारातूनच मागं सरकली.

"गुरुजी, तांब्याभर पाणी ठिवा तिथं. तान्हेली गेली ती."

"असलं काई नसतंय, नागुबाई."

"हाव, नसतंय. ठिवा तरीबी."

गुरुजींनी तांब्या ठेवला नाही. पण स्वतः पाणी पिताना ते त्या खोलीकडं पाठ करून बसू लागले.

भाच्यानं त्यांना सोपा उपाय दाखवला होता. रेघेवरचा ठिपका माउसनं पुढं सरकवा, गाणं सोडून थेट पुढचं ऐका. गुरुजी त्याच्यावर खेकसले. निजलेल्या माणसाला ओलांडू नये एवढंही कळत नाही का, म्हणाले. भाच्याला वाटलं, मामाचं डोकं फिरलंय. रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाच्या कंप्युटरवर न्यायलाही त्यांनी नकार दिला. तिचं शेवटचं बोलणं परक्या घरात कसं ऐकायचं?

शेवटी त्यांनी रुद्राणीला बोलावलं. उदगीरची सून, एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, तिथल्याच बसस्टँडजवळ तिचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं पांघरूण बाजूला केलं, सीपीयू खणातून ओढून काढला, पाखं उघडलं आणि नाकाला पदर लावला. आतल्या पंख्यावर धूळ आणि लोकरीचे तंतू मिळून गोधडी झाली होती.

"गुरुजी, ह्याचा जीव घुसमटून राहिलाय. मागून भिंत, वरून हे पांघरूण. हवा आत यायला वाट पाहिजे, तशी बाहेर जायलाबी पाहिजे. न्हाई मिळाली की हा सोताच बंद पडतो."

"पांघरूण राहू दे. तिनं विणलंय."

"मग रोज बंदच पडंल."

"पडू दे."

रुद्राणीनं ब्रश खाली ठेवला. "गुरुजी, रागावू नका. तुमाला हा चालू पाहिजे, का बंद?"

ते तिच्यावर रागावलेच. कोण कुणाला शिकवतंय, वगैरे बोलून गेले. तिनं पांघरुणाची नीट घडी घातली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. त्यांना ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतं. पांघरूण होतं तोवर दोन्ही जमत होतं.

"कर साफ," ते म्हणाले.

तिनं ब्लोअर मारून धूळ उडवली, पाखं घट्ट बसवलं, सीपीयू भिंतीपासून हातभर लांब ठेवला. गुरुजींनी टेबलफॅन उचलून आणला आणि विचारलं, हा कुठं लावू? आधी पाखं काढून यावर लावायचो.

"त्याचा काई उपेग न्हाई, गुरुजी. पाखं काढलं की आतल्या हवेची वाटच मोडती. भाईरचा पंखा नुसती धूळ आत कोंबतो. तो तुमीच घ्या."

ती गेली. गुरुजींनी पंखा स्वतःकडं वळवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

गाणं झालं. "झालं बघा," केवळाबाई म्हणाली. पडदा उजळच राहिला.

गुरुजींनी टेबलाची कड धरली. आधी नुसती पंख्याची घरघर. मग खुर्ची करकरली, घरघर लांब गेली, म्हणजे तिनं पंखा स्वतःकडं फिरवला होता. "हुश्श," ती म्हणाली. किती गार वाटलं असेल तिला. थोडाच वेळ. मग पुन्हा खुर्ची करकरली.

"न्हाई बाई, तापायचा ह्यो. गुरुजी वरडतील." घरघर परत जवळ आली. "घे बाबा, तुझं तुला."

त्यानंतर बांगड्यांचा आवाज. ती पदरानं वारा घेत होती. बांगड्या वाजत राहिल्या, मग हळू वाजल्या, मग अधूनमधून, आणि मग वाजल्या नाहीत.

पंखा घरघरत राहिला. गुरुजी हाकेची वाट बघत होते. हाक आली नाही. किती तरी वेळ काहीच आलं नाही, आणि त्यांना हळूहळू हायसं वाटू लागलं. बोलावलं नव्हतं तिनं आपल्याला. एवढं तरी. ते टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले.

तेवढ्यात कंप्युटरमध्ये कडी वाजली. घागरी खाली ठेवल्याचा आवाज आला, चपला काढल्याचा आला, आणि मग त्यांचा स्वतःचा आवाज, टँकरपाशी वाद जिंकून आलेल्या माणसाचा खुशीतला आवाज.

"झालं का गाणं? पंखा हलवला न्हाईस ना?"

आपण हे बोललो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं.

पंखा घरघरत होता. "अगं, इचारतोय मी. कंप्युटर तापला न्हाई ना?" त्यांच्याच आवाजानं पुन्हा विचारलं, जरा चढ्या सुरात.

आता तरी हा बंद पडेल म्हणून गुरुजी पडद्याकडं बघत राहिले. सीपीयू गार होता. तो बंद पडला नाही.