सरावातली मुलगी

प्रशिक्षणाला आल्यापासून समुपदेशक बाईंना सगळ्यांचाच संशय येत होता. शाळेतल्या उदास मुलांवर उपचार कसे करायचे, हे आता आपल्याला शिकवणार. म्हणजे इतकी वर्षं आपण काय गोट्या खेळत होतो? मागे बसलेला तो अधिकारी सारखं काय टिपून घेतोय? आणि सरावाला जोडीदारीण म्हणून नेमकी आपल्या लेकीच्या शाळेतली समुपदेशकच कशी काय मिळाली?

सरावात एकीने उदास विद्यार्थिनी व्हायचं, दुसरीने तिच्याशी बोलायचं. खऱ्या मुलांच्या गोष्टी वापरायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती. आणि ‘मरावंसं वाटतं का?’ हे आडवळणं न घेता विचारायचंच.

जोडीदारीण अंग चोरून बसली. झोप लागत नाही म्हणाली, मैत्रिणींचे फोन घेववत नाहीत म्हणाली, चित्रं काढणंही सोडलं म्हणाली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या लेकीचे रंगही कपाटावर धूळ खात पडले होते. वयच तसलं, असं म्हणून बाईंनी तो विषय केव्हाच मिटवला होता.

घरी बोललीस का, असं बाईंनी विचारलं.

“आईला सांगून काय उपयोग? ती म्हणणार, माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे हाल बघ, तुला काय कमी आहे?”

बाईंचे कान तापले. हे तर त्यांचंच वाक्य, जसंच्या तसं. म्हणजे पोरगी हिच्याकडे जाऊन आपल्या चहाड्या करते, आणि ही बया चारचौघांत आपली अब्रू काढते! रागाच्या भरात मुख्य प्रश्न राहूनच गेला आणि प्रशिक्षिकेने ती चूक सगळ्यांदेखत दाखवून दिली.

चहाच्या सुट्टीत बाईंनी जोडीदारणीला जिन्यात गाठलं.

“माझी मुलगी येते ना तुमच्याकडे?”

ती गोंधळली. “तुमची मुलगी आमच्या शाळेत आहे? मला माहीतच नव्हतं, मॅडम. ती मुलगी मी मनानेच रचली. अशी मुलं साधारण असंच बोलतात ना?”

बाईंचा विश्वास बसेना. कुणाची आई विचारायला आली असती, तर त्यांनीही असंच कानांवर हात ठेवले असते. धंद्याचा नियमच तो. पण ही खरं बोलत असो की खोटं, सरावातली ती मुलगी म्हणजे घरातली लेकच होती. पर्स उचलून बाई तडक घरी निघाल्या.

लेक शाळेच्या कपड्यांतच पलंगावर पडली होती. जेवलीस का, गृहपाठ झाला का, असं सगळं बाईंच्या ओठांवर आलं. ते गिळून त्या तिच्याशेजारी बसल्या.

“तुला मरावंसं वाटतं का गं?”

लेकीने सावकाश मान वळवून आईकडे रोखून पाहिलं.

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणीच नाही,” बाई म्हणाल्या. “मलाच दिसायला हवं होतं.”

आधी रडू फुटलं ते बाईंना. लेक उठून बसली आणि हळूहळू बोलायला लागली.