सिडसेलच्या अंगठ्याची खळगी

मित्रांनो, मी एक जुनी जुळणीपट्टी आहे. नाशपातीच्या लाकडाची, वीतभर लांब, तीन बाजूंनी कड असलेली. छापखान्यात शिशाचे अक्षर-खिळे एकेक करून माझ्यात उभे करीत, आणि ओळ भरली की ती पुढे सरकवीत. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात. म्हणून मी जन्मभर सगळे उलटेच वाचले. जग सुलटे कसे दिसते ते मला फार उशिरा कळले, आणि कळले तेव्हा वाटले, उलटेच बरे होते.

आमचा छापखाना डेन्मार्कात, लिमफियॉर्डच्या काठी होता. मालकाची दहा वर्षांची मुलगी सिडसेल बापाची मोठी पट्टी धरी आणि तिचे मनगट दुखे. म्हणून सुताराने तिच्या तळहाताचे माप घेऊन मला घडवले. मी दुसऱ्या कोणासाठी झालेच नव्हते, एवढे ध्यानात ठेवा.

सिडसेल वाचायला देवळाच्या शाळेत शिकली. आमच्याकडे मुलींना वाचायला शिकवीत, कारण धर्मप्रश्नोत्तरे पाठ व्हायला हवीत. लिहायला शिकवीत नसत. तिच्या आईने एकदा विचारले, तेव्हा बाप म्हणाला, "देवाचं वचन वाचता आलं की पुरे. लेखणी हातात दिली तर कोणा खलाशाला चिठ्ठ्या लिहीत बसेल." सगळे हसले. सिडसेलही हसली. त्या हसण्याची किंमत तिने पुढे चाळीस वर्षांनी भरली.

पण खिळे तिच्या बोटांना असे ओळखत, की न बघता ती हवा तो खिळा पेटीच्या खणातून उचली. डाव्या हातात मी, आणि ओळ पडू नये म्हणून तिचा अंगठा माझ्या कडेला दाबलेला. लग्न झाले योर्गन ब्रॉकशी. जावयाला छापखाना मिळतो हा तिथला रिवाज, म्हणून बाप गेल्यावर पाटीवर ब्रॉकचे नाव लागले. हा ब्रॉक नखाला शाई लागू देत नसे. तो सहा वर्षांत वारला. त्यानंतर आमच्याकडून बाहेर पडलेल्या प्रत्येक कागदाखाली छापले जाई: 'दिवंगत योर्गन ब्रॉक यांच्या विधवेने छापले.' सव्वीस वर्षे मेलेल्या माणसाचे नाव मी माझ्या अंगावर वाहिले, आणि जी उभी राहून जुळवी तिचे नाही.

आमच्या गावात माणूस गेले की चार कडव्यांचे पान छापून देवळात वाटत. लोक सिडसेलकडे येत. एकदा जाड्या ओलुफ बेकर आला, टोपी हातात चुरगाळीत.

"मालकीणबाई, सासू गेली. काहीतरी गोड लिहा."

"गोड? गेल्या आठवड्यात इथेच उभं राहून तिला काय काय म्हणाला होतास?"

"ते तेव्हाचं. आता ती देवापाशी गेलीय, माझ्याबद्दल काय सांगेल कोण जाणे. गोडच लिहा."

सिडसेल खणांपुढे उभी राही आणि गुणगुणू लागे. आधी नुसता सूर. मग सुरावर शब्द. आणि शब्द ओठावर येताच बोटे खिळे उचलीत. कागद नाही, लेखणी नाही. कडवी थेट माझ्यात जन्म घेत. मित्रांनो, देवाचे भजन मी पुष्कळ ऐकले, पण ते आपल्या अंगावर एकेक अक्षराने उतरताना ऐकणे हे भाग्य माझ्याइतके कोणाला मिळाले नसेल. ओळ भरली की तिचा अंगठा माझ्या कडेत आणखी रुते. मला कळे, ही जमली.

माले कोळणीचा नवरा भर समुद्रात बुडाला, त्या सकाळी माले छापखान्याच्या शेगडीपाशी येऊन बसली होती. रडत नव्हती. सिडसेल गुणगुणायला लागली, आणि ही ओळ माझ्यात उभी राहिली:

'शीड उतरले, वारा निजला, लागे नाव किनारी;
रिते हात हे घेउन देवा, थांबे तुझिया दारी.'

ते ऐकून माले रडली. पुढे तिने मासळीची टोपली सोडली आणि आमची छापील गाणी विकायला घेतली. तिला वाचता मुळीच येत नसे. पण सिडसेलने एकदा म्हटलेले तिला पाठ होई, आणि बाजारात ती असे गाई की बायका हातातली मासळी खाली ठेवीत. कोणी विचारी, "कोणाचं गं हे?" माले म्हणे, "कोणाचं म्हणजे? आमच्या सिडसेलचं." पानावर मात्र नाव गेलेल्या माणसाचे असे. रचणाऱ्याचे नाव घालायची रीत नव्हती, आणि सिडसेलनेही ते कधी घातले नाही. देवाला ठाऊक आहे, म्हणे. देवाला ठाऊक होतेच. पण देव साक्षीला येत नाही.

मग गावात नवे पाद्री आले, हाल्वोर विंटर. गोड गळ्याचे, नीटनेटके. त्यांनी घरोघर हिंडून ती पाने गोळा केली. चाळीस झाली. छापखान्यात येऊन म्हणाले, "सिडसेलबाई, हे देवळात गायलं गेलं पाहिजे. ग्रंथ करू."

त्या दिवशी सिडसेलने मला एप्रनच्या टोकाने दोनदा पुसले. मी आधीच स्वच्छ होते.

"बुवा, ग्रंथावर माझं नाव येईल?" तिने हळूच विचारले. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने एवढी एकच गोष्ट मागितलेली मी ऐकली.

"रचलं तुम्ही, तर दुसऱ्या कोणाचं येणार?" पाद्री म्हणाले. "धर्माधिकाऱ्यांचा परवाना तेवढा लागतो."

परवान्यासाठी आम्ही तिघे गेलो: सिडसेल, छापयंत्र चालवणारा म्हातारा क्लाउस, आणि तिच्या एप्रनच्या खिशात मी. पाद्री आधीच तिथे बसले होते. धर्माधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने पाने वाचली, डोळे पुसले. मग विचारले, "याचा हस्तलिखित मसुदा कुठे आहे?"

"मसुदा नाही, साहेब. मी खिळ्यांतच रचते."

"पण कागद?"

"कागद छापल्यावर येतो."

धर्माधिकाऱ्याने क्लाउसकडे पाहिले. "तू सांग. यांना रचताना पाहिलंस?"

क्लाउसने हजार वेळा पाहिले होते. पण वसंतात त्याच्या मुलीचा दृढीकरणाचा, म्हणजे देवळात धर्मात पक्के करून घेण्याचा, विधी व्हायचा होता. तो पाद्रींच्या हातात, आणि तो झाल्याशिवाय तिचे लग्न होत नसे. पाद्री त्याच्याकडे रोखून बघत होते. त्याने आपल्या बुटांकडे पाहिले. "मी दांडा ओढतो, साहेब. कोण काय रचतं तिकडे माझं लक्ष नसतं."

खिशात सिडसेलची बोटे माझ्याभोवती आवळली.

"बरं," धर्माधिकारी म्हणाला आणि त्याने अर्ज पुढे सरकवला. "ग्रंथकर्त्याने इथे स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. मजकुराला जबाबदार कोण, ते कळायला हवं. लिहा बाई."

सिडसेलने लेखणी घेतली. ती कशी धरतात हे तिला माहीत नव्हते. तिने ती खिळ्यासारखी चिमटीत धरली, आणि शाईचा थेंब कागदावर पडला.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. "सुलटं, उलटं, कसंही. खिळ्यांची पेटी मागवा. इथेच तुमच्यासमोर नवं कडवं उभं करते."

"सही खिळ्यांनी होत नाही, बाई," धर्माधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती. "जिला आपलं नाव लिहिता येत नाही तिने ग्रंथ लिहिला, असं मी वर कोणत्या तोंडाने कळवू?"

तेव्हा पाद्री खाकरले. "साहेब, ओळी मुळात गावठीच होत्या. मी दोनचार शब्द सुधारून त्यांना देवळात यायच्या लायक केलं. जबाबदारी मी घेतो. नाहीतर ग्रंथच बुडायचा, आणि ते काही देवाला आवडणार नाही." त्यांनी लेखणी उचलली आणि वळणदार सही केली. शाई सुकावी म्हणून थेंबावर वाळू टाकली.

दारात येऊन ते सिडसेलला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. देवाची सेवा झाली, नाव कोणाचं का असेना."

"मग तुमचं कशाला घातलंत?" सिडसेल म्हणाली. उत्तराची त्यांना गरज नव्हती; टोपी घालून ते चालू लागले.

काम नाकारले असते तर देवळाचे सगळे छापकाम गेले असते. दुसऱ्या दिवशी तिने मला हातात घेतले. मुखपृष्ठाची ओळ जुळवायची होती. तिने सर्वात मोठे खिळे काढले आणि सावकाश जुळवले: सिडसेल ब्रॉक. अंगठा माझ्या कडेला दाबून ती बराच वेळ बघत राहिली. मग एकेक खिळा काढून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकला. मग हाल्वोर विंटर जुळवले. तिचे नाव जन्मात एकदाच जुळले, ते माझ्यात, आणि त्याला शाई लागली नाही.

ग्रंथ तीनदा छापावा लागला. शाळेतली मुले तो पाठ म्हणू लागली. देवळात बायकांच्या बाजूला उभी राहून सिडसेल स्वतःची कडवी दुसऱ्याच्या नावाच्या पुस्तकातून गाई. तिने नवे काही रचले नाही. गुणगुणणे थांबले. मी तिच्या हातात होते, पण तो हात मुका झाला होता.

नऊ वर्षांनी ती गेली. पान छापायलाच हवे होते. क्लाउसने मला घेतले. माझ्या कडेला सिडसेलच्या अंगठ्याने पडलेल्या खळगीत त्याचा अंगठा बसेना. काय छापायचे ते पाद्रींनी सांगितले. वर: 'दिवंगत योर्गन ब्रॉक यांची विधवा, देवाघरी गेली.' मधे: शीड उतरले, वारा निजला. आणि खाली: 'रचना, हाल्वोर विंटर.' हे सगळे मी धरले. लाकडाला हात झटकता येत नाहीत.

दफनभूमीच्या फाटकात माले ती पाने वाटत होती. एका तरुण बाईला ती म्हणाली, "नीट जपून ठेव. हे तिचंच आहे."

"खाली तर बुवांचं नाव आहे, आजी."

"असेल. मला वाचता येत नाही," माले म्हणाली, "म्हणून मला खरं माहीत आहे."

मालेही गेली. छापखाना विकला गेला. पुढे शंभर वर्षे मी एका माळ्यावर उंदरांच्या सोबतीने काढली, आणि आता संग्रहालयात काचेत आहे. खाली चिठ्ठी आहे, सुलट्या अक्षरांत: 'मुद्रक योर्गन ब्रॉक यांची जुळणीपट्टी.' येणारे वाचतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काम करता करता ओळी रचत असेल, देवाचे काही गुणगुणत असेल, तर ती असतानाच कागद घेऊन बसा. लिहून घ्या, आणि खाली तिचे नाव घाला, ती नको म्हणाली तरी घाला. आणि कधी या काचेपाशी आलात तर चिठ्ठी वाचू नका. माझी डावी कड बघा. तिथे एक खळगी आहे, पन्नास वर्षांच्या दाबाने पडलेली. ती इतकी लहान आहे की त्यात योर्गन ब्रॉकचा अंगठा बसायचा नाही.