दोन थोरल्या डिस्क

मी घड्याळजी. उघडलेली वस्तू जशी होती तशीच बंद करायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्याच धड्याने त्या दिवशी मला तोंडघशी पाडलं.

ताई मूकबधिर मुलांना शिकवते. नऊ वर्षं खपून तिने हातांच्या खुणांचा कोश केला होता, चार हजार चित्रांचा. तो सगळा जुन्या कॉम्प्युटरच्या एकुलत्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क कुरकुरायला लागली म्हणून ताईने दुसरी आणली आणि मेकॅनिकबाईंना बोलवायला निघाली.

"मी कशाला आहे मग?" मी म्हणालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

डिस्कच्या मागे पिना होत्या आणि त्यांतल्या एका जोडीवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. दोन्ही डिस्कच्या टोप्या मी काढल्या, ब्रशने पुसल्या, चिमट्याने होत्या तिथेच बसवल्या. दोघींना एकाच केबलला जोडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडली नाही.

ताई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीत बसली. तीनदा खोललं, तीनदा लावलं.

"निदान किती वाजले ते तरी सांग," भावजी दारातून म्हणाले. कुणीच हसलं नाही.

शेवटी नाक मुठीत धरून मेकॅनिकबाईंना फोन केला.

"टोप्या कुठल्या जोडीवर आहेत?"

"दोन्ही एकाच. होत्या तशाच लावल्यात!"

"अहो, तिथेच तर घोळ झाला. थोरली कोण न् धाकटी कोण, ते टोपीवरूनच ठरतं. दोघी म्हणतायत, मीच थोरली. कॉम्प्युटरने हाक कुणाला मारायची? लेबलवर चित्र आहे, ते बघून नवीची टोपी दुसऱ्या जोडीवर घाला. जुनीला हात लावू नका."

लेबलवरचं चित्र दोनदा बघून मी चिमट्याने नवीची टोपी हलवली. बटण दाबलं. जुनी दिसली. तिच्याखाली नवी. ताईने पहिलं चित्र उघडलं, शेवटचं उघडलं, मधलीही दहा-बारा. सगळी जिवंत. माझा जीव भांड्यात पडला.

"चुकलो गं," मी म्हणालो.

तिने नुसती बोटं हलवली.

"म्हणजे काय?"

"शोध की कोशात. सगळं आहे ना आता."

मला वाटलं, गाढव असेल. पण गाढवाची खूण वेगळी निघाली. कॉपी होईतो मी एकेक चित्र बघत बसलो आणि तासाभराने ती बोटं सापडली. खाली तिने लिहिलं होतं, 'जाऊ दे.'