धुराड्यातली तंगडी

मी एक जुने धुराडे आहे, मित्रांनो. पोलंडमधल्या लोड्झ शहरात, एका विटकरी इमारतीच्या पाठीतून वर गेलेले. पिढ्यान्‌पिढ्या कोळशाचा धूर गिळून मी या माणसांना ऊब दिली. मग घरोघरी गॅस आला आणि मला कुणी विचारेना. वाईट वाटले? नाही, संताप आला!

यंदा थंडीच्या तोंडावर तळमजल्यावरच्या गेनोवेफा आजींचा घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद पडला. नव्या बॉयलरचा धूर पूर्वीसारखा गल्लीत सोडायला मनाई होती. तेव्हा सगळ्यांना मी आठवले.

"मोकळंच आहे. खालून जोडतो, धूर जाईल आपोआप वर," फिटर म्हणाला.

"तपासायचं काय त्यात?" दुसऱ्या मजल्यावरच्या झेनोन काकांनी घाईने री ओढली.

पण धुराडी साफ करणाऱ्या लुद्विकाबाई आल्याच. काळे कपडे, काळे हात. त्या दिसल्या की इथे शुभ म्हणून कोटाचे बटण धरतात. आजींनीही धरले.

"बटण राहू द्या आजी, आधी शिडी धरा!"

छतावरून त्यांनी दोरीला बांधलेला लोखंडी गोळा माझ्यात सोडला. तो दुसऱ्या मजल्यापाशी अडला. बाई तडक काकांच्या घरात शिरल्या.

"भिंतीवरची ती तसबीर काढा."

"अहो, संत आहेत ते!"

"त्यांना ठाऊक आहे मागे काय आहे. काढा."

मागे माझ्या विटा फोडलेल्या. माझ्या घशात डुकराची खारवलेली तंगडी टांगलेली. आणि भोकाखाली पाळण्यात काकांची नात, मिर्का, झोपलेली.

"इस्टरसाठी... तिथं वारा छान लागतो," काका पुटपुटले.

"त्याच भोकातून बॉयलरचा धूर आला असता. त्यातल्या विषाला ना रंग, ना वास. पोर झोपेतच गेली असती. तंगडी तेवढी टिकली असती!"

काकांनी पाळणा उचलून पलीकडच्या खोलीत नेला.

बाईंनी भोक विटांनी बुजवून घेतले. मग वरून माझ्या पोटात स्टीलचा पाइप उतरवला आणि त्याचा एकेक सांधा तपासायला लावला. फिटर कुरकुरला, "आजी गारठतायत हो!"

"मी आणखी एक स्वेटर चढवते," आजी कडाडल्या, "तू सांधे बघ!"

मी आयुष्यभर माणसे पाहिली. या दोघींइतकी पक्की क्वचितच.

इस्टरला काकांनी तंगडीचा पहिला काप लुद्विकाबाईंना दिला. "मीठ जास्त झालंय," म्हणत त्यांनी दुसरा मागितला.

मित्रांनो, बटण खुशाल धरा. पण जुन्या धुराड्याला मोकळे समजून त्यात काही सोडण्याआधी कुणाला तरी आत बघू द्या.

मिर्काला आता दात येताहेत. ती भोकाड पसरते आणि सगळी इमारत वैतागते. मी नाही.